तीनचाकी स्कूटर, परवाना आणि हेल्मेट
(विभागीय अभ्यासवर्गात केलेले भाषण)



कालपासून आपण पेन्शन, बदल्या आणि रिक्त जागा यांवर बोलत आहोत. त्या मानाने माझा विषय लहान वाटेल. कार्यक्रमपत्रिकेत 'तीनचाकी मोटारसायकल : परवाना आणि हेल्मेट' असे छापले आहे. ते वाचून सकाळी चहाच्या वेळी एका मित्राने मला विचारले, "काय हो, आता रिक्षावाल्यांची युनियन काढता की काय?" विषय रिक्षाचा नाही. आपल्या टपाल कार्यालयांच्या आणि स्टेशनांच्या आवारात, सायकल स्टँडच्या कडेला, मागे दोन जादा चाके लावलेल्या स्कूटरी उभ्या असतात. हँडलजवळ कुबड्या अडकवलेल्या असतात. त्या स्कूटरी चालवणाऱ्या आपल्या सभासदांचा हा विषय आहे.

हे सभासद दोन वाटांनी आपल्यात येतात. काही जण लहानपणी पोलिओ झालेले आणि राखीव जागेवर लागलेले असतात. १९९५ च्या अपंग व्यक्ती कायद्याने ३ टक्के जागा ठेवल्या, २०१६ च्या कायद्याने त्या ४ टक्के केल्या. दुसरे नोकरीत अपंगत्व आलेले. रुळावर काम करणाऱ्या आपल्या ट्रॅकमन बांधवांना याचा अर्थ समजावून सांगायला नको. १९९५ च्या कायद्याच्या कलम ४७ ने सांगितले, आणि २०१६ च्या कायद्याच्या कलम २० ने तेच पुढे चालू ठेवले, की सेवेत असताना अपंगत्व आले म्हणून कोणाला काढता येणार नाही, खालच्या पदावर ढकलता येणार नाही. जुने काम जमत नसेल तर त्याच वेतनश्रेणीत दुसरे काम द्यायचे. सर्वोच्च न्यायालयाने २००३ मध्ये कुणाल सिंग यांच्या खटल्यात याच कलम ४७ च्या जोरावर निकाल दिला आहे. नोकरी वाचली, हे खरे. पण सकाळी सहाची पाळी असेल, क्वार्टर चार किलोमीटरवर असेल, आणि बसच्या पायरीवर चढणे जमत नसेल, तर वाचलेल्या नोकरीवर पोचायचे कसे? त्याचे उत्तर बहुतेकांसाठी ही स्कूटर आहे.

जाता जाता शब्दाविषयी एक वाक्य. आपण पूर्वी अपंग म्हणत होतो, सरकारी कागदावर आता दिव्यांग असते. मी दोन्ही शब्द वापरीन, कारण जुने आदेश जुन्या शब्दात आहेत आणि कारकुनापुढे ठेवायचे तेच असतात.

आता आधी गाडीची चाके मोजू. लोक हिला तीनचाकी म्हणतात, पण पुष्कळ गाड्यांना प्रत्यक्षात चार चाके असतात. स्कूटरची मूळ दोन, आणि मागच्या चाकाच्या दोन्ही बाजूंना आडव्या लोखंडी आसावर बसवलेली दोन. काही गाड्यांत मागचे मूळ चाक काढून त्या जागी दोन चाकांचा आस बसवतात, ती खरी तीनचाकी. तिसरा प्रकार म्हणजे एका बाजूला साइडकार जोडलेली मोटारसायकल. ती आता क्वचितच दिसते, सिनेमात जास्त.

रस्त्यावर या तिन्ही सारख्याच दिसल्या तरी कायद्याला त्या सारख्या नाहीत. मोटार वाहन कायदा १९८८ चा, अमलात आला १ जुलै १९८९ पासून. त्यात मोटारसायकलची व्याख्या दोन चाकांची मोटार गाडी अशी आहे, आणि काढता येणारी साइडकार तिच्यातच धरली आहे, साइडकारचे जादा चाक असले तरी. म्हणजे साइडकारवाल्याला मोटारसायकलचाच परवाना लागतो, वेगळा काही नाही. अपंगांच्या गाडीला मात्र याच कायद्याने निराळे नाव दिले. जुने नाव 'इनव्हॅलिड कॅरेज'. त्याची व्याख्या मोठी अडचणीची होती. अपंग व्यक्तीसाठी खास बनवलेली गाडीच त्यात बसे. साध्या गाडीत नुसता फेरबदल केलेला असेल तर ती बसत नसे. आणि आपल्याकडे तर सगळ्याच गाड्या फेरबदल केलेल्या! कारखान्यातून अशी स्कूटर बाहेर पडलेली मी पाहिलेली नाही. दुकानातून साधी गाडी घ्यायची आणि गल्लीतल्या वेल्डिंगवाल्याकडे न्यायची, हीच रीत. त्यामुळे तीस वर्षे आपले लोक व्याख्येच्या बाहेर राहून गाडी चालवत होते. २०१९ च्या दुरुस्तीने हे नाव गेले आणि 'अॅडॅप्टेड व्हेइकल', म्हणजे अनुकूल केलेले वाहन, हे नाव आले. त्यात खास बनवलेली गाडीही बसते आणि मागाहून बदल केलेलीही बसते, फक्त तो बदल कलम ५२ प्रमाणे झालेला हवा. हे 'फक्त' महत्त्वाचे आहे, त्याच्याकडे मी येतोच.

आधी परवाना.

आपल्या सभासदांचा सर्वांत मोठा गैरसमज असा की अपंगाला लायसन्स मिळत नाही. हा गैरसमज कोठून आला तेही सांगतो. कायद्याच्या कलम ८ मध्ये लिहिले आहे की, अर्जावरून किंवा वैद्यकीय दाखल्यावरून अर्जदाराला असा आजार किंवा असे अपंगत्व दिसले की ज्यामुळे त्याचे गाडी चालवणे लोकांना किंवा प्रवाशांना धोक्याचे होईल, तर शिकाऊ परवाना नाकारावा. खिडकीमागचा माणूस एवढेच वाचतो. पण त्याच कलमात लगेच खाली परंतुक आहे. ते म्हणते की, अनुकूल केलेले वाहन चालवण्यास अर्जदार योग्य आहे असे परवाना अधिकाऱ्याला वाटले, तर त्या वाहनापुरता परवाना देता येईल.

रेल्वेतल्या माणसाला हे समजायला अवघड जाऊ नये. आपल्याकडे ए-वन, ए-टू, बी-वन, सी-वन अशा वैद्यकीय श्रेण्या आहेत. लोको पायलटची नजर ए-वनच्या कसोटीला उतरली नाही तर त्याला डी-कॅटेगराइज करतात. याचा अर्थ तो माणूस सर्व कामांना निकामी झाला असा होत नाही. एका कामाला अयोग्य ठरतो, दुसऱ्या कामावर घेतला जातो. परवान्याचेही तसेच आहे. गिअरच्या मोटारसायकलला अयोग्य म्हणजे सर्व गाड्यांना अयोग्य नव्हे. कलम १० मध्ये गाड्यांचे वर्ग दिले आहेत: बिनगिअरची मोटारसायकल, गिअरची मोटारसायकल, अनुकूल केलेले वाहन, हलके मोटार वाहन वगैरे. अनुकूल वाहन हा त्यातला एक स्वतंत्र वर्ग आहे. हा परवाना अधिकाऱ्याच्या दयेवर अवलंबून नाही. कायद्यात त्याचे घर आहे.

आमच्या भागातल्या एका ट्रॅकमनची हकीकत सांगतो. नाव सांगत नाही, कार्यालयही सांगत नाही. कामावर असताना डावा पाय गुडघ्याखाली गेला. दवाखाना, कृत्रिम पाय, मग एका कार्यालयात बसून करायचे काम मिळाले. त्याच्याजवळ मोटारसायकलचा जुना परवाना होता. त्याने बिनगिअरची स्कूटर घेतली, मागे चाके लावली आणि फिरू लागला. मित्रांनी सांगितले, "लायसन्स आहे ना? मग झाले." चार-सहा महिन्यांनी त्याला कोणीतरी सांगितले की वर्ग बदलून घे. तो गेला, तर खिडकीवर उत्तर मिळाले, "पाय नाही, लायसन्स मिळणार नाही. उलट आहे तेच जप, नाहीतर रद्द होईल." तो घाबरून परत आला. दुसऱ्यांदा गेला, तेव्हा दवाखान्याचा अपंगत्वाचा टक्केवारीचा दाखला मागितला. तो दिल्यावर, "एवढे टक्के असतील तर कसे चालवणार?" असे उत्तर. तिसऱ्या वेळी शाखेचा सेक्रेटरी बरोबर गेला, कलम ८ चा उतारा आणि कलम ११ चा उतारा घेऊन. भांडण झाले नाही. साहेबांनी उतारा वाचला, गाडी खाली जाऊन पाहिली आणि अर्ज घेतला.

या हकीकतीत तीन गोष्टी आहेत, त्या लक्षात ठेवण्यासारख्या आहेत. पहिली: जुना परवाना असेल तर नव्याने सुरुवात करावी लागत नाही. कलम ११ प्रमाणे जुन्या परवान्यात नवा वर्ग वाढवून घेता येतो. दुसरी: रद्द होण्याची भीती अगदीच खोटी नाही. कलम १६ प्रमाणे अपंगत्वामुळे परवाना रद्द करण्याचा किंवा वैद्यकीय दाखला मागण्याचा अधिकार परवाना अधिकाऱ्याला आहे. म्हणूनच दडवून ठेवण्यापेक्षा स्वतः जाऊन योग्य वर्ग घेणे शहाणपणाचे. तिसरी: टक्केवारीचा दाखला वेगळा आणि गाडी चालवण्याच्या योग्यतेचा दाखला वेगळा. नोकरीतले आरक्षण, भत्ता, सवलती यांसाठी ४० टक्क्यांचा हिशेब लागतो. परवान्यासाठी नमुना १-अ हा डॉक्टरी दाखला आहे. त्यात नजर कशी आहे, तांबडा-हिरवा रंग ओळखतो का, ऐकू येते का, हातापायांचे काय, असे प्रश्न असतात. ज्याला ६० टक्के अपंगत्व आहे तो हाताच्या ब्रेकची स्कूटर उत्तम चालवू शकतो. ज्याचे टक्के कमी आहेत पण पकड सैल आहे, तो चालवू शकणार नाही. डॉक्टरला गाडी दाखवा, निदान ब्रेक कुठे आहे आणि गिअर आहे की नाही ते सांगा. साध्या मोटारसायकलवर तुम्हाला बसवून पाहण्याची कल्पना त्याच्या मनात असेल तर तो नापासच करणार.

शिकाऊ परवाना सहा महिने चालतो. तो मिळाल्यावर ३० दिवस होण्यापूर्वी पक्क्या परवान्याची परीक्षा देता येत नाही. शिकाऊ असताना गाडीला पुढे-मागे तांबड्या 'एल'ची पाटी हवी. परीक्षा ज्या वर्गाचा परवाना हवा त्याच प्रकारच्या गाडीवर द्यावी लागते. इथे एक चमत्कारिक पेच होतो. इतर माणूस मोटार ड्रायव्हिंग स्कूलच्या गाडीवर शिकतो आणि परीक्षा देतो. अपंगासाठी तशी गाडी शिकवणाऱ्या शाळेत बहुधा नसते. त्याने आधी हजारो रुपये घालून गाडी घ्यायची, तिला चाके लावून घ्यायची, आणि मग परवाना मिळतो का ते पाहायचे. यावर उपाय एकच सुचतो: एखाद्या शाखेतल्या जुन्या सभासदाची नोंदणी झालेली गाडी नव्याला शिकायला आणि परीक्षेला मिळावी. आपसात ठरवले तर हे होते. मात्र शिकाऊ परवाना हातात आल्याशिवाय कोणालाही ती गाडी देऊ नये. तशी दिली तर चालवणाराही दोषी आणि देणारा मालकही दोषी, २०१९ नंतर दोघांना प्रत्येकी ५,००० रुपयांपर्यंत दंड आहे.

आता ते 'फक्त'. कलम ५२ मध्ये गाडीत फेरबदल करण्यास मनाई आहे. नोंदणी पुस्तकात लिहिलेला तपशील बदलेल असा बदल करायचा नाही. पण २०१९ च्या दुरुस्तीने त्यात आपल्या उपयोगाचे एक पोटकलम घातले: कोणतीही व्यक्ती आपली गाडी अनुकूल वाहनात बदलून घेऊ शकते, त्याला नोंदणी अधिकाऱ्याची मागाहून मंजुरी घेतली म्हणजे झाले, आणि केंद्र सरकारने ठरवलेल्या अटी पाळल्या पाहिजेत. 'मागाहून' हा शब्द मोठा दिलासा देणारा आहे. म्हणजे चाके लावण्याआधी परवानगीसाठी वर्षभर फेऱ्या मारायला नकोत. पण मागाहूनही मंजुरी घेतलीच नाही, तर तीच गाडी बेकायदा फेरबदल केलेली ठरते. त्यासाठी कलम १८२-अ मध्ये सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा प्रत्येक फेरबदलाला ५,००० रुपये दंड, किंवा दोन्ही आहे. आपले बहुसंख्य सभासद आज या दुसऱ्या बाजूला उभे आहेत. वेल्डिंगवाल्याकडून गाडी आणली, घरी नारळ फोडला, संपले. आरसी बुकात ती अजून साधी स्कूटरच आहे.

ऑक्टोबर २०२० मध्ये केंद्राने नोंदणीच्या अर्जात मालकीच्या प्रकारात 'दिव्यांगजन' असा रकाना घातला. नवी गाडी घेणाऱ्याने तो भरावा. पुढे सवलतींचा प्रश्न आला की तोच रकाना पाहतात.

कागद सारखे नसले तर काय होते, ते विम्यात कळते. समजा, आपल्या सभासदाच्या गाडीने एखाद्या पादचाऱ्याला इजा झाली. तिसऱ्या पक्षाचा विमा सक्तीचा आहे, तो उतरवलेला आहे. विमा कंपनी तीन कागद काढते. पॉलिसीत लिहिले आहे स्कूटर. आरसीत लिहिले आहे स्कूटर. रस्त्यावर उभी आहे चार चाकांची गाडी. आणि परवान्यात आहे गिअरची मोटारसायकल. कंपनीचा वकील म्हणतो, या वर्गाचा परवानाच नाही, अटीचा भंग झाला. २००४ साली नॅशनल इन्शुरन्स विरुद्ध स्वर्ण सिंग या निकालात सर्वोच्च न्यायालयाने सांगितले की नुसता परवान्यात दोष आहे म्हणून कंपनी सुटत नाही, मालकाची हयगय कंपनीला सिद्ध करावी लागते. आणि जखमी माणसाला पैसे मिळावेत म्हणून कंपनीने आधी भरपाई द्यावी व नंतर मालकाकडून वसूल करावी, असाही मार्ग दिला. जखमी माणसाच्या दृष्टीने हा न्याय झाला. पण 'मालकाकडून वसूल करावी' यातला मालक आपला सभासद आहे! आयुष्यभर साठवलेले त्यात जाईल. स्वतःच्या गाडीच्या नुकसानीचा दावा तर कंपनी उभ्याउभ्या नाकारील. म्हणून माझे सांगणे एवढेच आहे की गाडी, परवाना आणि विमा या तिन्ही कागदांनी एकच गोष्ट सांगितली पाहिजे. रस्त्यावर जी गाडी आहे, तीच आरसीत, तीच परवान्यात, तीच पॉलिसीत.

आता हेल्मेट. इथे सभागृहात थोडी हालचाल दिसते, पुण्याकडची मंडळी बसली आहेत. हेल्मेटसक्तीच्या विरोधात पुण्याने किती मोर्चे काढले त्याची मोजदाद करायला दुसरा अभ्यासवर्ग घ्यावा लागेल. पण सक्ती घटनाविरोधी आहे हा मुद्दा सर्वोच्च न्यायालयाने १९८८ सालीच निकालात काढला आहे. आंध्र प्रदेशच्या हेल्मेटच्या नियमाला अजय कानू या खटल्यात आव्हान दिले होते, ते फेटाळले गेले.

कलम १२९ आज असे आहे: चार वर्षांवरील प्रत्येक व्यक्तीने, मोटारसायकल चालवताना, तिच्यावर बसताना किंवा तिच्यातून नेली जात असताना, सार्वजनिक जागी ठरलेल्या मानकाचे हेल्मेट घातले पाहिजे. पगडी बांधलेल्या शीख व्यक्तीला सूट आहे. जुन्या कलमात साइडकारमध्ये बसलेल्यालाही सूट होती, २०१९ च्या शब्दरचनेत ती राहिली नाही. चार वर्षांखालच्या मुलांसाठी २०२२ मध्ये वेगळा नियम काढला: मुलाला चालकाशी बांधणारा पट्टा, नऊ महिन्यांच्या वरच्या मुलाला त्याच्या मापाचे हेल्मेट, आणि वेग ताशी ४० किलोमीटरच्या आत. हेल्मेट नसेल तर कलम १९४-ड प्रमाणे १,००० रुपये दंड आणि तीन महिने परवाना स्थगित. जागेवरच्या तडजोडीची रक्कम राज्ये ठरवतात, ती राज्याराज्यांत वेगळी दिसेल. आपल्यापैकी कोणी भुसावळला आहे, कोणी इटारसीला, कोणी हुबळी-सिकंदराबादला, त्यामुळे पावतीचा आकडा वेगळा आला म्हणून पोलिसाशी हुज्जत घालू नये. पण परवाना तीन महिने गेला तर अपंग सभासदाचे काय होईल, विचार करा. इतरांना लोकल आहे, सायकल आहे, मित्राची मागची सीट आहे.

आता मला नेहमी विचारला जाणारा प्रश्न. "साहेब, कलमात मोटारसायकल म्हटले आहे. मोटारसायकल म्हणजे दोन चाके. माझ्या गाडीला तर चार आहेत. मग मला हेल्मेट कशाला?" प्रश्न हुशारीचा आहे. आरसीत 'अनुकूल वाहन' अशी नोंद झालेली असेल तर वकिलाला यावर तासभर बोलता येईल. पण ज्याच्या आरसीत अजून स्कूटरच लिहिले आहे, त्याला हा मुद्दा काढताच येणार नाही. तो काढला की पोलीस विचारणार, मग ही चाके कोणाच्या मंजुरीने लावली? म्हणजे हेल्मेटच्या हजारातून सुटायला जाऊन फेरबदलाच्या पाच हजारांत अडकायचे.

आणि कायदा बाजूला ठेवा. ही गाडी कशी पडते ते पाहा. लोकांना वाटते, मागे दोन चाके आहेत, ही पडणार कशी? उभी असताना पडत नाही, हे खरे. चालताना गोष्ट वेगळी. दोन चाकांची गाडी वळणावर आतल्या बाजूला कलते आणि तोल सांभाळते. या गाडीला कलताच येत नाही. वळणावर सगळा भार बाहेरच्या चाकावर जातो, वेग जास्त असेल तर आतले चाक उचलते आणि गाडी बाहेरच्या बाजूला उलटते. ज्यांनी आधी साधी मोटारसायकल चालवली आहे त्यांना हा धोका जास्त, कारण शरीराला कलण्याची सवय झालेली असते आणि गाडी ऐकत नाही. दुसरे, जोडचाकांना पुष्कळदा स्प्रिंग नसते. एक चाक खड्ड्यात गेले की हँडल हिसका देते. चार चाकांच्या जोडणीत गतिरोधकावर असे होते की बाजूची दोन चाके वर टेकतात आणि मधले, म्हणजे इंजिनाचे आणि ब्रेकचे चाक, क्षणभर अधांतरी राहते. त्या क्षणी मागचा ब्रेक दाबून उपयोग नाही. तिसरे, रुंदी. डावे चाक डांबराच्या कडेवरून खाली उतरले की गाडी तिकडेच ओढली जाते.

रेल्वे फाटकावर तर आपणच राहतो. दुचाकीवाला रूळ काटकोनात ओलांडतो, एकाच रेषेत दोन्ही चाके जातात. आपल्या गाडीची चाके तीन वेगळ्या रेषांत जातात, आणि त्यातले एक तरी रुळाकडेच्या खाचेत अडकण्याचा संभव असतो. तिथे हळू, सरळ, आणि फाटक पडायला लागल्यावर मुळीच नाही. दुसरा माणूस गाडी टाकून पळू शकतो.

पडला तर डोके तेवढ्याच उंचीवरून रस्त्यावर आपटते, चाके किती आहेत त्याने फरक पडत नाही. शिवाय ज्याच्या पायात जोर नाही त्याला पडताना पाय टेकून स्वतःला सावरता येत नाही. म्हणून मी तर म्हणतो, या सभासदांना हेल्मेटची गरज आपल्यापेक्षा जास्त आहे. आय.एस. ४१५१ या मानकाचा, आयएसआय शिक्का असलेले हेल्मेट घ्या. १ जून २०२१ पासून दुचाकीसाठी दुसरे हेल्मेट बनवून विकायलाच मनाई आहे, तरी पुलाखाली ढीग लावलेले दिसतातच. आणि पट्टा लावा. २०१९ च्या कलमात हेल्मेटच्या व्याख्येतच पट्ट्याने डोक्यावर घट्ट बांधलेले असे म्हटले आहे. नुसते डोक्यावर ठेवलेले हेल्मेट आदळण्याआधीच उडून जाते.

आपल्या पोस्टमन बांधवांची अडचण मला माहीत आहे. मोटारसायकलवर बीट करताना दर पन्नास पावलांवर उतरायचे, पट्टा सोडायचा, पत्र द्यायचे, पुन्हा पट्टा. दुसऱ्या गल्लीपासून हेल्मेट हँडलवर लटकते. एक उपाय काही जण करतात तो बरा वाटतो: गाडी गल्लीच्या तोंडाशी लावून ती गल्ली पायी करायची. पाय दुखतात, पण वेळ तेवढाच लागतो.

कुबड्यांवर चालणाऱ्याची अडचण आणखी निराळी. दोन्ही हात कुबड्यांना लागतात. हेल्मेट धरणार कोणत्या हाताने? गाडीवर ठेवले तर दुपारपर्यंत राहील याची खात्री नाही. म्हणून तो हेल्मेट घरीच ठेवतो, आणि आपण त्याला बेफिकीर म्हणतो. इथे शाखांनी लक्ष घालावे. गाडी लावण्याच्या जागेलगत कुलपाचे एक कपाट मागावे, दरवाजाजवळची एक-दोन ठिकाणे या गाड्यांसाठी रंगवून राखून ठेवून घ्यावीत. या गाडीला रुंदी जास्त लागते, दोन दुचाकींच्या मधल्या फटीत ती बसत नाही. हे काम स्थानिक साहेबाच्या पातळीवर होणारे आहे, यासाठी दिल्लीला निवेदन पाठवायची गरज नाही.

वर पाठवायचे निवेदन वेगळे आहे. २०१६ च्या कायद्याच्या कलम ४१ मध्ये म्हटले आहे की, दिव्यांगांना परवडणाऱ्या खर्चात वावरता यावे म्हणून सरकारने योजना कराव्यात, आणि त्यात गाड्यांच्या फेरबदलाचा उल्लेख नावाने आहे. मग रेल्वेच्या वर्कशॉपमध्ये वेल्डर आहेत, फिटर आहेत, स्प्रिंगची आणि आसाची माहिती असलेले लोक आहेत. सेवेत पाय गमावलेल्या कर्मचाऱ्याची गाडी तिथे नीट, अटींप्रमाणे बदलून मिळावी आणि तिथूनच मंजुरीसाठी कागद जावेत, ही मागणी मला अवास्तव वाटत नाही. गल्लीतला वेल्डिंगवाला मनाने चांगला असतो, पण आस किती भार घेईल हे तो अंदाजाने ठरवतो.

भत्त्याबद्दल थोडक्यात. दिव्यांग कर्मचाऱ्याला वाहतूक भत्ता दुप्पट दराने मिळतो. सातव्या वेतन आयोगाने किमान २,२५० रुपये आणि त्यावर महागाई भत्ता असे ठरवले. सेवेत असताना अपंगत्व आलेल्या सभासदाचा भत्ता आपोआप दुप्पट होत नाही, अर्ज करावा लागतो. प्रत्येक शाखेने आपली यादी एकदा तपासावी.

भाषणानंतर आलेल्या प्रश्नांपैकी दोन इथे देतो.

एकाने विचारले, "परवान्याची मुदत संपली तर?" वाहतुकीचा सोडून इतर परवाना, तिशीच्या आत काढला तर चाळिशीपर्यंत, तिशी ते पन्नाशीत काढला तर दहा वर्षे, पन्नास ते पंचावन्नच्या दरम्यान साठीपर्यंत, आणि त्यापुढे पाच-पाच वर्षे चालतो. मुदत संपल्यावर वर्षाच्या आत नूतनीकरण केले तर पुन्हा परीक्षा नाही, वर्ष उलटले तर आहे. पण मुदत संपल्या दिवसापासून गाडी चालवायची नाही, पूर्वीची ३० दिवसांची सवलत आता नाही.

दुसऱ्या एका भगिनीने बॅटरीच्या स्कूटरबद्दल विचारले, तिला परवाना लागत नाही हे खरे का? केंद्रीय नियमांप्रमाणे मोटरची ताकद पाव किलोवॅटपेक्षा कमी, वेग ताशी २५ किलोमीटरपेक्षा कमी, बॅटरी सोडून वजन ६० किलोच्या आत, आणि हे सर्व अधिकृत चाचणी संस्थेने प्रमाणित केलेले, अशी गाडी कायद्याने मोटार वाहन धरली जात नाही. तिला नोंदणी नाही, परवाना नाही, कलम १२९ नाही. पण तिला जोडचाके लावली की वजन वाढते, आणि चाचणीला गेलेली गाडी ती राहत नाही. दुकानदार सांगेल, "काही होत नाही, ताई." त्याच्याकडून चाचणीच्या प्रमाणपत्राची प्रत मागा आणि चाके लावण्यापूर्वी आरटीओत लेखी विचारा. आलेले उत्तर शाखेकडेही पाठवा, म्हणजे पुढच्या सभासदाला दाखवता येईल.